बाबा, आई आणि पेट्रोलची टाकी

आमच्या बोटीवर पेट्रोलची टाकी जिथे अजिबात ठेवू नये, नेमकी तिथेच मी ती दोन वर्षं ठेवली होती.

बोट म्हणजे बावीस फुटांची जुनी शिडाची होडी. वारा पडला तर पंचाईत नको म्हणून मागे छोटं इंजिन, आणि त्याची लाल टाकी वेगळी, बादलीएवढी. बाहेर बसायच्या जागेत ठेवली की जांडल्समधून (इकडच्या रबरी सपाता) डोकावणारा माझा अंगठा तिच्यावर आपटायचा. म्हणून मी ती आत, केबिनमधल्या बाकाखाली सारली. पुण्याला बाबांना व्हिडिओवर बोट दाखवली, तर त्यांना शीड दिसलं नाही, समुद्र दिसला नाही. दिसली ती टाकी! (तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केलेला माणूस.)

"मंदार, ती आधी बाहेर काढ. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचते. एक ठिणगी पुरे."

"हो बाबा."

मी स्वतः इंजिनिअर. त्यामुळे काढली नाही.

बाबांना त्या बोटीत बसायचं होतं. २०१५ साली त्यांचा व्हिसा आला आणि त्याच आठवड्यात ते गेले. वर्षश्राद्धाच्या वेळी आई इकडे परदेशात, आमच्या न्यू लिनच्या घरी होती. वर्षभर ती एकदाही हसली नव्हती. म्हणाली, "त्यांचं पान बोटीतून नेऊ. तेवढीच त्यांची फेरी होईल."

"नेऊ," मी म्हणालो.

"पण इथे कावळे आहेत ना रे?"

"नाहीत गं. सीगल आहेत."

आईनं थोडा विचार केला. "चालतील. इतक्या लांब यायचं म्हणजे पक्षी बदलणारच."

ओटाहुहू भागातल्या भारतीय दुकानातून केळीचं पान आणलं. पान, भात, खीर असं सगळं गाठोड्यात बांधून मी केबिनमध्ये बाकाखाली ठेवलं. वड्यांचा डबा मात्र आईनं मांडीवरून हलवला नाही. वारा असा सुटला होता की बोट सारखी एका अंगावर कलत होती. तासाभरानं एका निवांत किनाऱ्याला लागलो. आईनं खडकावर पान मांडलं, हात जोडले आणि आम्ही मागे सरकलो.

वीस-पंचवीस सीगल आले. जवळ आले, माना लांबवल्या आणि मागे फिरले!

"नो वे!" आमचा ईशान म्हणाला. "दे ईट एव्हरीथिंग!"

खरं होतं. या पक्ष्यांनी एकदा माझ्या हातातला बर्गर नेला होता, कागदासकट.

"काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात," आई पुटपुटली.

माझी बायको सुजाता पुढे झाली. "बाबा, आईंना आम्ही कधी एकटं ठेवणार नाही."

सीगल आणखी दोन पावलं मागे.

"आजोबा, आय विल स्पीक हीप्स ऑफ मराठी," ईशाननं शब्द दिला. एक सीगल तर उडूनच गेला.

आता माझी पाळी. मी पानापाशी वाकलो आणि नाकात वास शिरला. पेट्रोल! कलत्या बोटीत टाकीच्या झाकणातून थेंब गळून थेट गाठोड्यावर पडले होते, आणि वाऱ्यात कुणाला वास आला नव्हता. मी सरळ उभा राहिलो आणि सीगलसारखाच मागे सरकलो. (लाज वाटते सांगायला, पण मनात पहिला विचार आला तो असा: आता कबूल करावं लागेल की बाबांचं बरोबर होतं.)

तेवढ्यात आई म्हणाली, "माझ्यावरच रागावलेत. छातीत दुखतंय म्हणाले तेव्हा मी आधी काढा करत बसले. लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं."

वर्षभर ती हे मनात घेऊन फिरत होती, आणि मी टाकी लपवत उभा होतो.

"आई, तुझ्यावर नाही गं. पानाला पेट्रोल लागलंय. टाकी आतच होती."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि त्यांना 'हो बाबा' म्हणाला होतास?"

"हो."

"ते मला रोज म्हणायचे, पोरगं ऐकणार नाही बघ. मी म्हणायचे, अहो, हो म्हणालाय ना!" आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. रडतच होती, पण हसू आधी बाहेर पडलं होतं. "जिंकलात हो तुम्ही!" ती आभाळाकडे बघून म्हणाली.

मग तिनं आपल्याजवळच्या डब्यातला वडा दुसऱ्या खडकावर ठेवला. हात मागे घ्यायच्या आत सीगलनं तो उचलला.

परत निघताना तिनं फर्मान काढलं, "टाकी बाहेर." मी बाहेर काढली. टाकी बरोबर माझ्या बसायच्या जागेवर आली. सुकाणू सुजाताकडे, ईशान दोरीपाशी.

"मग मी कुठे बसू?"

"आत. दार उघडं ठेव, वास जाऊ दे."

टाकी कुठे ठेवायची ते बाबांनी सांगितलं होतं. मला कुठे ठेवायचं ते आईनं ठरवलं.