आबांच्या रक्तातली चरबी आणि न मोजलेली केळी

जळगावच्या लॅबमधल्या बाईंनी मला आत बोलावलं आणि काचेची नळी उजेडाकडे धरली. खाली लाल रक्त बसलं होतं. वर पिवळसर, पारदर्शक भाग दिसायला हवा होता, तिथे दुधासारखं पांढरं काहीतरी होतं. "हे तुमच्या वडिलांचं," त्या म्हणाल्या. "आजच डॉक्टरांना भेटा."

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमचं गाव रावेरकडचं, घरी केळीची बाग. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. तेव्हा धुळ्याला शाळेत शिकवत होते. आबांना सारखी तहान लागायची, बेंबीच्या वर कळ यायची. आम्ही ते उन्हावर ढकललं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढली आहे. साखरही आहे. हे असंच राहिलं तर स्वादुपिंडाला सूज येईल. ती जिवावर बेतते."

तूप, साय, वनस्पती तूप, तळण बंद. साखर, गूळ बंद. गोळ्या सुरू. "फळं किती खाता?" त्यांनी विचारलं.

"फयं आजारी मानसं खातेत साहेब," आबा म्हणाले.

मी दर रविवारी गावी जायची. आठवड्यात आबांनी काय खाल्लं ते आई आठवून सांगायची आणि मी वहीत लिहायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, बिनतेलाचं भरीत, ताक. वहीकडे बघून मला समाधान वाटायचं.

महिन्याने पुन्हा रक्त दिलं. ते तसंच पांढरं होतं. आबांचं वजन उतरलं होतं, कळ वाढली होती. लॅबच्या ओट्यावर माझा राग अनावर झाला. मी आईला म्हटलं, "चोरून तूप घालतेस ना भाजीत?"

"त्यायले मारायले बसली का मी?" आई म्हणाली. मग तिने पदर तोंडाला लावला.

त्याच दुपारी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. आबांनी पिशवीतून केळ्यांची फणी काढून टेबलावर ठेवली. "घरच्या बागातली हाये, साहेब."

"रक्त द्यायला उपाशी आला होतात ना?"

"उपाशीच. चहा बी नाई घेतला."

डॉक्टरांनी फणी उचलून पाहिली. "यातली दोन तोडलेली दिसतात."

"ते मीच खाल्ले. सकायी येष्टीत."

"मग उपाशी कसे?"

आबा हसले. "केयं काय खानं असते का?"

आमच्याकडे असंच आहे. व्यापाऱ्याने नाकारलेला घड बागेत पिकतो. येता-जाता माणूस केळं सोलतो आणि चालत राहतो. ते जेवण नाही, फळही नाही. फळ म्हणजे बाजारातून आणलेलं. आबा रोज किती खात होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "डझनभर तं व्हत असतीन. तूप सोडल्यापासून भूक लागते, मंग जरा जास्तच." माझ्या वहीत एकाही केळ्याची नोंद नव्हती. रविवारी त्यांच्यासोबत मीसुद्धा खायची.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं ते मला आजही आठवतं. तुपासारखी थिजणारी जी चरबी, तिला सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे संपृक्त मेद म्हणतात. ती खाण्यातून बंद केली ते बरंच झालं. पण गोड फार झालं की आपलं यकृत तसलीच चरबी अंगातच बनवून रक्तात सोडतं. ती रक्तातून उचलून जागेवर ठेवायचं काम इन्सुलिन करवून घेतं. इन्सुलिन हे हार्मोन, म्हणजे एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारा रस. आबांच्या अंगात तो रस कमी पडला होता. म्हणून साखरही साठली आणि चरबीही.

"इंजेक्शन घ्यावं लागेल. रोज."

आबा उठून उभे राहिले. "सुई लागली म्हंजे मानूस संपला."

"सुई नाही घेतली तर संपेल, आबा," डॉक्टर म्हणाले.

आबा नाइलाजाने दाखल झाले आणि आठवडाभर वॉर्डात होते. मला शाळा होती. गावी सुई कोण देणार हा प्रश्न पडला. आईने हात पुढे केला. तिला आकडे वाचता येत नव्हते. सिस्टरने काचेच्या सिरिंजवरची जाड रेघ दाखवली आणि मोसंबीवर टोचायला शिकवलं. पहिल्या दिवशी आबांनी डोळे घट्ट मिटले. "हयू टोच बरं."

"जनमभर तुमी मले टोचलं," आई म्हणाली, "आता मी टोचते." अख्खा वॉर्ड हसला. आबाही हसले, आणि तेवढ्यात सुई जाऊन आली.

घरी फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली आई माठाच्या गारव्याला ठेवायची, सिरिंज रोज उकळायची. केळी मोजून द्यायची. आबा कुरकुरायचे, पण ऐकायचे. दीड महिन्यात चरबी उतरली, कळ थांबली.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला तर फक्त तूप-तेलाची चौकशी करू नका. जे खाणं तुम्ही खाण्यात धरतच नाही, तेही डॉक्टरांना सांगा. सुईला घाबरून उपचार लांबवू नका. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईवर आधी संशय घेऊ नका. मी घेतला होता.

त्या आठवड्यानंतर आबांना वॉर्डातून घरी नेताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी आईला म्हटलं, "माझं चुकलं."

"तू घाबरली व्हती," ती म्हणाली. "मी बी घाबरली व्हती. चल, त्यायचा हात धर."

आबा पुढे बरीच वर्षं आमच्यात राहिले. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या वर्षांतली एकेक सकाळ आबांना आईने आपल्या हाताने दिली.