नऊ स्वच्छ फॉर्म

माझ्या मावशीला तिच्या कार्यालयात सगळे 'टापटीप बाई' म्हणत. हे नाव तिला अजिबात आवडत नसे. ते तिच्याकडे कसं आलं, हे मला फार उशिरा कळलं.

तरुणपणी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. यंत्रं आली आणि मुली घरी बसल्या. त्याच वर्षी सरकारनं एक परिषद नेमली. तोवर कुठल्या उपचाराला सरकारी पैसा मिळणार, हे ज्या डॉक्टरचा आवाज मोठा त्याच्यावर ठरायचं. एका शहरात गुडघा बदलून मिळे, शेजारच्या शहरात नुसती काठी. आता परिषदेनं सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची होती. वजनमापं तपासणाऱ्या खात्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, गळका नळ आणि एक टाइपरायटर, एवढ्यावर सुरुवात झाली.

पण फूटपट्टी आधी बनवायला हवी. कुठलं दुखणं माणसाला किती नकोसं वाटतं, हे डॉक्टरांनी नव्हे, लोकांनी सांगायचं, असं ठरलं. घरोघरी जाऊन विचारायला चाळीस बायका घेतल्या. त्यांत मावशी होती. प्रश्न असा असे: "समजा, तुमची दहा वर्षं उरली आहेत, पण ती अंथरुणात काढायची आहेत. त्याऐवजी धडधाकट जगायला मिळणार असेल, तर दहातली किती वर्षं सोडून द्याल?"

लोक चक्रावत. एक गवंडी म्हणाला, "बायकोला विचारा, ती माझी दहाही देऊन टाकेल." आतून बायकोचा आवाज आला, "अकरा लिहा." एक शिक्षिका बराच वेळ विचार करत बसली आणि मग रडली. काहींनी तोंडावर दार लावलं. पहिले दोन महिने मावशीनं मन लावून काम केलं. समोरचं माणूस गप्प झालं, की तीही गप्प बसून राही.

शेवटच्या आठवड्यात नऊ घरं उरली होती. सगळी एकाच सहा मजली इमारतीत, आणि लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर एक घड्याळजी राहायचा. कमरेखाली लुळा झालेला. उशांना टेकून, पोटावर पाट ठेवून तो एक घड्याळ उघडून बसला होता. मावशीनं प्रश्न वाचायला घेतला आणि 'अंथरुणात' या शब्दाशी तिची जीभ अडखळली.

"वाचा ना," तो म्हणाला. "मला काही वाटत नाही त्याचं."

तिनं वाचलं.

"मी एकही वर्ष सोडणार नाही. शून्य लिहा." मग भिंगातून तिच्याकडे बघत त्यानं विचारलं, "तुम्ही किती सोडाल?"

मावशीनं फॉर्मवर शून्य लिहिलं आणि पाणीही न घेता उठली. जिन्यात आल्यावर वर जायचं तिच्या जिवावर आलं. पायांपेक्षा मन थकलं होतं. आणखी कुणी असं उलट विचारलं तर, ही धास्ती होती. ती सरळ घरी आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, तिनं आठ फॉर्म मनानंच भरले. मग घड्याळजीचा फॉर्म हातात घेतला. शून्य बघून तपासणारे साहेब म्हणतील, बाईला प्रश्न नीट विचारताच आला नाही. तिनं तो फाडला आणि नवा भरला. सोडायची वर्षं आठ, सात, नऊ, आठ... सव्वीस वर्षांची, जिना धावत चढणारी मुलगी ती. आपण त्या जागी असतो तर असलं आयुष्य ठेवलंच नसतं, असं तिला वाटलं, आणि तेच तिनं नऊ जणांच्या नावावर लिहिलं. संशय नको म्हणून दोन वेगळ्या शाया वापरल्या.

फॉर्म तपासणारे गणिती साहेब खूश झाले. "चाळीस जणींत तुमचे फॉर्म सगळ्यांत स्वच्छ," ते म्हणाले. "शेवटचे नऊ तर बघण्यासारखे. कुठं खाडाखोड नाही." त्यांच्याच शिफारशीनं मावशीला रेकॉर्ड रूममध्ये कायमची नोकरी लागली आणि नावही पडलं.

परिषद वाढली. तीन खोल्यांची स्वतःची इमारत झाली. एक औषध नाकारलं तेव्हा माणसं आठवडाभर फाटकाशी बसून होती, आणि मावशीला मागच्या दारानं जावं लागे. दुसरं एक औषध मंजूर झालं तेव्हा शिव्या देणारेच पेढे घेऊन आले. प्रत्येक निर्णयाची फाईल शेवटी बांधायला मावशीकडे येई. फाईलच्या मागच्या पानावर लोकांच्या उत्तरांवरून बनवलेला तोच तक्ता असे, आणि तक्त्यात एक ओळ: अंथरुणाला खिळलेली व्यक्ती. पुढे असं आयुष्य किती मोलाचं, त्याचा आकडा. मावशी ते पान न बघता गाठ मारायची.

तिच्या नोकरीच्या चोविसाव्या वर्षी माझ्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, पक्षाघात झाला. मावशी एकटीच होती. ती आमच्याकडे राहायला आली. आईनं पहिले सहा महिने मरण मागितलं, नंतर रेडिओ मागितला. वर्षभरात ती पडल्या पडल्या शब्दकोडी सोडवू लागली, खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करू लागली. एकदा माझ्या मुलीची वही तपासताना म्हणाली, "हिचं गणित फार कच्चं आहे. मला अजून दहा वर्षं तरी हवीत."

मावशी हातातलं ताट तसंच घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती गणिती साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

"किती फॉर्म?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"तीन हजारांत नऊ. तक्ता केसभरही हलायचा नाही. शिवाय पुढच्या वर्षी नवी पाहणी आहे, तो तक्ताच जातोय."

"पण मी खोटं लिहिलं, साहेब."

"असं करणाऱ्या तुम्ही एकट्याच होता, असं वाटतं का तुम्हाला? बसा. चहा घ्या. उगाच नोकरीवर गदा आणू नका."

तिनं चहा घेतला. "ते रागावले नाहीत," ती मला पुढं म्हणाली, "आणि मला हायसं वाटलं गं. त्या हायसं वाटण्याची लाज तर फॉर्मपेक्षा जास्त."

त्या रविवारी ती त्या इमारतीत गेली. घड्याळजीच्या जागी दुसरं कुटुंब होतं. शेजारीण म्हणाली, "ते गेले. पण अंथरुणात पडूनही चांगली सोळा वर्षं काढली हो त्यांनी इथं. गल्लीतली सगळी घड्याळं त्यांच्याकडेच यायची."

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. मी तिथंच इस्त्री करत होते.

"मला तेव्हा विचारलं असतंस, तर मीही दहातली नऊ वर्षं दिली असती," आई शेवटी म्हणाली. "हिंडतीफिरती होते. मला काय माहीत, असंही जगता येतं."

मावशीनं जरा मान वर केली.

"पण तू विचारलंच नाहीस. आणि ज्याला माहीत होतं त्याचं उत्तर फाडलंस."

आईला कूस बदलता येत नसे, मान तेवढी वळवता यायची. तिनं ती भिंतीकडे वळवली. दोन दिवस दोघींत गोळ्या आणि पाण्यापुरतंच बोलणं झालं. मावशी आमच्याबरोबर जेवायलाही बसली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईची हाक ऐकू आली, "अगं, पाठ खाजतेय. येतेस का?" मावशी गेली. बराच वेळ ती पाठ चोळत होती.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. निवृत्तीच्या दिवशी मावशीनं परिषदेला पत्र लिहून झाला प्रकार कळवला. सही केली, तारीख घातली. 'आपले पत्र मिळाले' एवढं उत्तर आलं. आता ती सत्तरीला टेकली आहे. कुणी तिचं अक्षर किती स्वच्छ म्हटलं, की ती लिहिलेला कागद पालथा घालते.