सासूबाईंचा खांदा आणि माझं मशीन

म्हाताऱ्या माणसांना एका हातात धरून स्वतःचं अंग चोळता येईल असं मशीन करायचं, हे काम शिरोलीच्या आमच्या कारखान्यात माझ्या गळ्यात पडलं. "तुझ्या घरात दोन म्हातारी हाईत की," मालक म्हणाले. झाली माझी निवड.

त्यातल्या एकीचा, म्हणजे सासूबाईंचा, उजवा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जाईना, म्हणून अंबाडा मी घालायची. रोज सकाळी महाभारत. "केस विंचरतीस का भुईमूग उपटतीस?" त्यांच्या भाचीच्या पोरीचं लग्न होतं पेठ वडगावला. सुनेनं घातलेला अंबाडा घेऊन मांडवात जाणार न्हाय, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. आख्ख्या भावकीतल्या नवऱ्या मुली नटवलेली बाई, आणि तिला स्वतःचे केस बांधता येईनात. ते त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

मग मीही हट्टाला पेटले. पहिल्या मशीनला तीन बटणं होती. ते त्यांनी टीव्हीवरचा रुमाल उडू नये म्हणून वर ठेवलं. दुसऱ्याला एकच बटण, पापडाएवढं. वजन कमी केलं, आवाज कमी केला.

"कसं वाटतंय, आत्ती?"

"ब्येस हाय की."

चार्जिंग तर रोज संपायचं. ऑफिसात मी छाती फुगवून सांगत होते. फक्त खांदा तसूभर हलत नव्हता.

एका दुपारी लवकर घरी आले, तर सासरे खुर्चीत डोळे मिटून बसलेले आणि मशीन त्यांच्या गुडघ्यावर. सासूबाई शेजारी निवांत शेंगा फोडत होत्या. चार्जिंग कोण संपवतंय ते कळलं. माझं डोकंच फिरलं.

"आत्ती, तुमच्यासाठी केलंय ना हे? मग मला खोटं कशाला सांगायचं?"

त्यांनी डावा हात पुढं केला. मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. "चालू केलं की समद्या थडाथडा नाचत्यात. पयल्याच दिशी एक पिचली. हे जित्तं बसल्यात हितं. ह्यांच्या जिवावर खांदा मोकळा करू व्हय?"

"काढून ठेव म्हटलं की मी," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "मला काय हुतंय? पर ऐकती कुठं."

कारखान्यात ते मशीन हातात धरून बघणारे सगळे बाप्ये, आणि मी मनगटात घड्याळ घालणारी. एवढ्या इंजिनिअरांत एकालाही बांगडी सुचली नाही. सासऱ्यांचं आयुष्य माझ्या मोटारीवर अवलंबून आहे, हे मला तरी कोण सांगणार? मोटार मुठीतून काढून टोकाला नेली, दांडा लांब केला, मध्ये जाड रबर घातलं. बांगड्या गप्प बसल्या.

लग्नाच्या सकाळी मी कंगवा घेऊन गेले, तर त्या आरशासमोर. हात अजून पुरता वर जात नव्हता, म्हणून मान वाकवून डोकंच हाताकडं नेलेलं. अंबाडा झाला. जरा वाकडाच, पण त्यांचा त्यांनी घातलेला.

मला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं. रोज सकाळच्या त्या भांडणाशिवाय आम्ही दोघी बोलत तरी कधी होतो?

"मागनं बघ गं, पिना बसल्यात का नीट."

बसल्या होत्या. तरी एक काढली आणि परत लावली.