मगाडीकाकूंचं लाल पाणी

मगाडीकाकू बर्फाला शिव्या द्यायच्या, त्याही तीन भाषांत. मराठीतली ड्राइव्हवे साफ करताना, इंग्रजीतली शेजाऱ्याला ऐकू जावी म्हणून, आणि स्वाहिलीतली खास पाय घसरला की. "आमच्या मगाडीला दाराच्या कडीला हात लावला तर भाजायचा," फावडं आपटत त्या म्हणायच्या, "पण ऊन अंगावर पडून कुणाचं कंबरडं मोडलं नाही!"

खरं नाव सुमती. पण अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नसे. त्यांचं दर तिसरं वाक्य "आमच्या मगाडीला" असं सुरू व्हायचं. मगाडी म्हणजे केनियाच्या दक्षिणेला, एका खोल दरीच्या तळाशी असलेलं सोड्याचं तळं. त्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ते उन्हानं आटतं आणि मागे पांढरा सोडा उरतो, इतका जाड की जागोजागी त्यावरून चालता येतं. तो खणून काढायचा आणि आगगाडीनं बंदरावर पाठवायचा, काच करायला. काकूंचे वडील तिथल्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. काकू तिथंच वाढल्या. पुढे देश स्वतंत्र झाला, हिंदी लोकांना कामाचे कागद मिळेनात, आणि हे कुटुंब पार्ल्याला येऊन पडलं. "आफ्रिकेत आम्ही इंडियन, पार्ल्यात आफ्रिकन," त्या म्हणायच्या, "आणि इथं नुसती मिलिंदची आई." मिलिंद त्यांचा मुलगा, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर.

माझी त्यांची गाठ पडली २००३च्या दिवाळीत, मंडळाच्या फराळाला. मी पुण्याहून पीएचडी करायला आलो होतो. कुणीतरी सांगितलं, हा उपग्रहाच्या फोटोंवरून आफ्रिकेतल्या तळ्यांवरचे फ्लेमिंगो मोजतो. काकू हातातली चकली खाली ठेवून माझ्यापाशी आल्या.

"कुठली तळी?"

मी नावं सांगितली. त्यात मगाडी होतं.

"पाहिलंयस?"

"नाही काकू. सगळा डेटा इथंच मिळतो."

"म्हणजे नुसत्या फोटोवर लग्न ठरवलंस. शुक्रवारी जेवायला ये. बायको कशी आहे ते सांगते."

मग दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे. त्या सोलकढी करायच्या आणि तळ्याबद्दल सांगायच्या. काठच्या गरम झऱ्यांत बोटाएवढे मासे असतात, ज्या पाण्यात हात घातला की आपण ओरडू त्यात ते सुखानं पोहतात. फ्लेमिंगो डोकं उलटं करून जेवतात. "तुझा रूममेट जेवतो ना टीव्ही बघत, तसं. ताटाकडे लक्षच नाही." वाऱ्याची दिशा बदलली की अख्ख्या वसाहतीला कुजक्या अंड्यांचा वास यायचा आणि साहेबाची मडम रुमालाला सेंट लावून फिरायची. "आमच्या आईनं कधी सेंट लावलं नाही. ती म्हणायची, साहेबाचं तळं आहे, साहेबालाच घाण येऊ दे."

२००५च्या हिवाळ्यात माझा प्रोग्रॅम चालायला लागला. फोटो दिला की तो गुलाबी-लाल ठिपके शोधायचा आणि पक्ष्यांचा आकडा काढायचा. माझे प्रोफेसर खूश होते. एका परिषदेला पेपरही पाठवून झाला होता. शुक्रवारी लॅपटॉप घेऊन मी ऐटीत काकूंकडे गेलो आणि मगाडीचा फोटो दाखवला. अर्धं तळं लाल.

"हे सगळे पक्षी?" काकूंनी विचारलं.

"सगळे."

काकू इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मिलिंदची बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं ठसका लागला.

"अरे, हे पाणी आहे! पाणी आटलं की तळं लाल होतं. कसलेसे जंतू वाढतात त्यात. आम्ही त्याला बिटाची कोशिंबीर म्हणायचो. तू कोशिंबीर मोजलीस, बाळा!"

मला राग आला. पुण्याचा होतो, पीएचडी करत होतो, आणि ही बाई मला बीट शिकवत होती. घरी जाऊन आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांचे फोटो काढले. लाल डाग जागचा हलला नव्हता. माझ्या प्रोग्रॅमनं जगात नसतील इतके फ्लेमिंगो एका तळ्यात बसवले होते.

चौथ्या दिवशी काकूंकडे गेलो आणि म्हणालो, "पेपर जाऊ दे तसाच. मगाडीला जाऊन कोण बघणार आहे?"

त्या मेथी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि एरवीसारखी हसत नाही.

त्या बारा वर्षांच्या असताना दक्षिणेकडचं दुसरं तळं पुरानं भरलं आणि फ्लेमिंगो अंडी घालायला मगाडीला आले. पण मगाडीचं पाणी जास्त खारट. पिल्लं त्यातून चालली की पायांभोवती सोड्याची कडी जमायची, दगडासारखी घट्ट, आणि पिल्लं जागीच कोसळायची. मग जो तो हातोडी घेऊन कडी फोडायला गेला. काकूही वडिलांबरोबर गेल्या.

"कितीतरी सोडवली आम्ही. पण एकाच्या पायावर माझी हातोडी जोरात बसली. कड्याबरोबर पायही मोडला. मी रडायला लागले. बाबा म्हणाले, रडू नकोस, ते बघ, गेलं चालत." काकूंनी मेथीचं देठ मोडलं. "मी बघत होते ना. नाही गेलं ते. बाबा चांगले होते रे. पण त्या दिवसापासून त्यांनी 'सगळं ठीक आहे' म्हटलं की मला खरं वाटायचं नाही. शेवटी हॉस्पिटलातसुद्धा."

दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरांना सगळं सांगितलं. ते फक्त "आकडे परत काढ" म्हणाले. पेपर मागे घेतला. वर्षभराचं काम पाण्यात गेलं, तेही लाल पाण्यात. शुक्रवारी तोंड पाडून जेवायला बसलो तर काकूंनी मला दुप्पट भात वाढला.

"वर्षच मोडलं ना? पाय शाबूत आहे. जेव." आणि ताक ओतता ओतता म्हणाल्या, "पक्षी हलतात, पाण्याचा रंग आठवडाभर तिथंच असतो. एवढी अक्कल घाल की तुझ्या मशीनला!"

घातली. माझा प्रबंध उभा राहिला तो त्या वाक्यावर. लिहिताना मात्र मी त्याला बरंच लांबलचक इंग्रजी नाव दिलं.

२००६मध्ये मिलिंदला टेक्ससमध्ये नोकरी मिळाली आणि ते सगळे अर्विंगला गेले. बर्फ सुटला म्हणून काकू खूश असतील असं मला वाटलं होतं. फोनवर म्हणाल्या, "ऊन आहे, पण बिनवासाचं. मजा नाही."

२००७च्या वसंतात माझा डिफेन्स होता, म्हणजे प्रबंधाची सगळ्यांसमोर होणारी तोंडी परीक्षा. काकू एकट्या विमानानं आल्या. नऊवारी नाही, पैठणी नाही. साधी कॉटनची साडी, वर मिलिंदचं जुनं जॅकेट, आणि बसल्या पहिल्या रांगेत. माझं बोलणं संपल्यावर प्रोफेसरांनी रीतीप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय का? सहसा कुणी विचारत नाही. काकूंनी हात वर केला आणि त्यांच्या खणखणीत कारखानी इंग्रजीत विचारलं, "तुझ्या फोटोत पिल्लं दिसतात का? ती करडी असतात. त्यातली किती जगली, किती मेली, ते कळतं?"

परीक्षकांपैकी एक बाई पुढे झुकल्या. माझ्याकडे एक गुळगुळीत उत्तर तयार होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "दिसत नाहीत. मला माहीत नाही."

"मग तसं लिही शेवटी," काकू मराठीत म्हणाल्या, आणि खाली बसल्या. मी तसं लिहिलं. परीक्षकांनी दुरुस्त्यांमध्ये तेवढी एकच गोष्ट मागितली होती.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये काकू गेल्या. अर्विंगलाच, दोन दिवसांच्या आजारात. मिलिंदचा फोन आला. रडून झालेल्या आवाजात तो म्हणाला, "अरे, आईचा एक धड फोटो नाही आमच्याकडे. सगळीकडे ती नातवंडांच्या मागे लपलीय. तुझ्याकडे आहे का?"

माझ्याकडे एकच होता, डिफेन्सच्या दिवशी एका मित्रानं काढलेला. मी पाठवला. तेराव्याला गेलो तर तोच मोठा करून भिंतीला लावलेला. अंगात मुलाचं जॅकेट, तोंड उघडं, हात वर, गळ्यात मोगऱ्याचा हार. भेटायला आलेले लोक वाकून नमस्कार करायचे, वर बघायचे, आणि काकू आता आपल्याला काहीतरी विचारणार म्हणून जरा सरळ उभे राहायचे.