वल्ह्याला लावलेला कान

बंदरावर त्याला सगळे कानतात्या म्हणायचे. कान काही मोठे नव्हते. सुकलेल्या जर्दाळूएवढे चिमुकले. पण इंजिन बंद करून, वल्हं पाण्यात उभं सोडून, त्याच्या मुठीला उजवा कान टेकवून तो बसला की खाली कुठला मासा आहे ते सांगायचा. घोळ मासा पोटातल्या हवेच्या पिशवीवर आतून ढोल बडवतो, हे तात्याला त्याच्या मामाने शिकवलं होतं. चाळीस वर्षं तात्याने बोटीवर दोरीला हात लावला नाही. जेवायचा, ऐकायचा, बोट दाखवायचा. दाखवेल तिथं जाळं पडायचं आणि फाटेस्तोवर भरायचं.

इतकं भरायचं की पुढं पुढं भरेनासंच झालं. घोळीचा गलबला सगळ्यात मोठा असतो तो अंडी घालायला मेळा जमतो तेव्हा, आणि सगळ्यांनी तिला नेमकं तिथंच गाठलं होतं. शेवटी बंदराच्या सोसायटीने ठराव केला : एकटादुकटा ठोका असेल तर खुशाल जाळं टाका, मेळा असेल तर मुकाट्याने दुसरीकडे चालते व्हा. ठरावाला पहिला हात तात्याचा. पण ठोका की मेळा, हे पाण्यावरून सांगणार कोण? तोही तात्याच.

आता बोटीची तांडेल त्याची लेक होती. बोट कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, शब्द तिचा. या मोसमात तात्याने तीनदा "आहे" म्हणून सांगितलं आणि तिन्ही वेळा जाळं रिकामं आलं. त्याच्या कानातच काहीतरी घुमायचं. घरी बायको वर्षभर म्हणत होती, "अहो, बहिरे झालात तुम्ही." तो म्हणायचा, "तुझंच ऐकू येत नाही, त्याला बहिरेपणा म्हणत नाहीत." हसण्यावारी नेलं खरं, पण त्या दिवशी निघताना लेक पाठ फिरवून म्हणाली, "बाबा, आजचा दिवस बघू. नाही जमलं तर उद्यापासून घरी बसा. मी मासे दाखवणारं यंत्र बसवून घेते."

ऊन कलल्यावर इंजिन बंद झालं. तात्याने वल्ह्याला कान लावला.

"लागला का फोन, तात्या?" इंजिनवाला म्हणाला. "की समोरून उचलत नाहीत?"

आधी काहीच नाही. मग एक ठोका. मग दहा. मग मोजणंच राहून गेलं. कुणी अख्खा समुद्र जात्यात घालून दळायला बसावं, तशी घरघर वल्ह्यातून चढली. पुन्हा कानातलं भूत म्हणावं, तर दात थरथरत होते. बरगड्या थरथरत होत्या. असा मेळा त्याने मामाच्या हयातीत ऐकला होता, त्यानंतर नाहीच.

नुसतं "आहे" म्हटलं तर जाळं पडणार, बोट भरणार आणि त्याची जागा पक्की. खरं सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?

"मेळा आहे," तो म्हणाला. "जाळं टाकू नका."

इंजिनवाला खो खो हसला. "घ्या! मासे सापडले नाहीत की मेळा!"

लेक हसली नाही. "सरका," म्हणाली आणि तिने स्वतः वल्ह्याला कान लावला. लहानपणी धक्क्याला बांधलेल्या बोटीवर तिने कितीदा लावला होता, पण ती खोल पाण्यात यायच्या वयाची झाली तोवर समुद्र मुका झालेला. तिला फक्त पाण्याची गुळगुळ माहीत होती.

तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. हात आपोआप छातीवर गेला.

"बाबा... किती आहेत हे?"

"मला काय विचारतेस! खाली जाऊन विचार."

इंजिनवाला लगबगीने आला. ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली आणि सरळ फळ्यांवर पालथा पडला. "आयला, फळीतूनसुद्धा येतंय!"

लेक अजून वल्ह्यालाच चिकटलेली. "आणि वरून ही बारीक चटचट कसली? मोहरी तडतडल्यासारखी?"

"कसली चटचट?"

"सारखी चाललीय की! तुम्हाला नाही येत?"

तात्याने पुन्हा कान लावला. घरघर होती, चटचट नव्हती. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नांग्यांनी चुटक्या वाजवणारी ती बारकी कोळंबी. या तळावरून ती उठली, संपली, असं तो दहा वर्षं सोसायटीत छातीठोकपणे सांगत होता. कोळंबी कुठं गेलीच नव्हती. गेला होता त्याचा कान.

त्याला हसू फुटलं, ते आवरेना. "तुझ्या आईला मात्र सांगू नकोस," तो म्हणाला आणि वल्हं लेकीच्या हातात दिलं. "उद्यापासून हे तुझं. मूठ कानामागच्या हाडाला टेकव, भोकाला नाही. आणि ऐकताना श्वास सोडायचा तोंडाने."

"आणि यंत्र?"

"बसव की. पण मेळा म्हणजे काय, ते त्याला तूच शिकव."

इंजिनवाल्याने निघायचं का विचारलं. "थांब जरा," तांडेल म्हणाली.

तात्या फळ्यांवर आडवा झाला आणि गाल टेकवून, जेवढं ऐकू येत होतं तेवढं ऐकत राहिला.