वाइंडिंग खात्यातली आमची काकी

स्वप्नांच्या बाबतीत माझ्या चुलतसासूइतकी श्रीमंत बाई अख्ख्या लालबागमध्ये दुसरी झाली नाही. इतरांना स्वप्नं पडतात आणि तोंड धुतलं की विरून जातात. काकींचं स्वप्न मात्र सकाळी त्यांच्या आधी नळावर येऊन उभं राहिलेलं असे. मी लग्न होऊन नुकतीच कोकणातून चाळीत आले होते. काका-काकींची खोली आमच्यापासून दोन दारं सोडून. हंडा नळाखाली लावला की काकी डोळे अर्धे मिटून सुरू करत, "काय सांगू गो, काल गिरणीच्या चिमणीतून धुराऐवजी बगळे बाहेर पडत होते. एकामागून एक. आणि वडाळ्याच्या मिठागरावर जाऊन बसत होते, रांगेत, पाळी बदलल्यासारखे." तोवर हंडा भरून वाहू लागलेला असे, मागच्या बायका कावलेल्या असत, पण शेवटचा बगळा बसेपर्यंत नळ सोडायची कुणाची छाती नव्हती. त्यातून स्वप्नातल्या गुन्ह्यांची शिक्षा त्या दिवसाउजेडी देत. एकदा माझ्याशी दुपारपर्यंत अबोला धरला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझी लोणच्याची बरणी फोडलीस." बरणी तर समोर फळीवर धडधाकट होती. मी ती दाखवली. "स्वप्नात फोडलीस म्हणून काय झालं? फोडलीस ना?" संध्याकाळी त्याच बरणीतलं लोणचं वाटीत घालून त्यांनी मला माफ केलं.

काकी गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. सूत कांडीवर गुंडाळायचं, तुटलं की चटकन गाठ मारायची, हे तिथल्या बायकांचं काम. सगळा जन्म त्यात गेल्यामुळे त्यांची बोटं मालकिणीला न विचारता गाठी मारत. टॉवेलच्या दशा, पोरींच्या वेण्या, पिशवीचे बंद, काही सुटत नसे. काळाचौकीला एका लग्नात मंगलाष्टकं ऐकता ऐकता त्यांची तंद्री लागली आणि त्यांनी शेजारच्या बाईचा पदर भटजींच्या उपरण्याला बांधून टाकला. भटजी अक्षता टाकायला पुढे झाले, बाई किंचाळली, आणि नवऱ्या मुलाच्या आधी भटजींचंच लग्न लागतं की काय अशी वेळ आली. काकी शांतपणे म्हणाल्या, "सुटायची नाय हां. आमच्या खात्यातली गाठ आहे ती."

पण चाळीला त्यांच्या स्वप्नांपेक्षा नि गाठींपेक्षा जास्त नवल वाटे ते त्यांच्या संसाराचं. काका त्याच गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, विणकर. दोघांच्या पाळ्या वेगळ्या पडल्या की जो आधी घरी येईल त्याने स्टोव्ह पेटवायचा, असा त्या घरचा कायदा. काका गॅलरीत बसून बांगडे साफ करत तेव्हा येणारे-जाणारे पुरुष खाकरत. काका हू की चू करत नसत, कारण त्यांच्या हातची तिरफळं घातलेली आमटी खाकरणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वाटीवाटीने नेलेली होती. आणि रविवारी ती दोघं समोरासमोर पाट मांडून एकदम जेवायला बसत. मी अशा घरातून आले होते जिथे बायका पुरुषांच्या मागून, उरलंसुरलं पुढ्यात घेऊन जेवत. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा काहीतरी खाजगी दिसल्यासारखी मी दारातूनच मागे फिरले. काकींनी हाक मारली, "पळतेस कशाला? जेवतोय आम्ही."

मग कापडाला मंदी आली. गोदामात तागे छताला लागले, काही साचे बंद पडले, आणि गिरणीने पहिली कुऱ्हाड घातली ती वाइंडिंग खात्यावर. नवी यंत्रं येणार, इतक्या बायकांची गरज नाही. साहेबाने बायकांना बोलावून समजूत घातली, की तुमचं काय अडणार आहे, घरी नवरे कमावतात ना? काकी पुढे झाल्या. "साहेब, मग ज्यांच्या बायका कमावतात ते बाप्ये काढा की! आमच्या ह्यांना काढा. ते आमटी बरी करतात." बायका हसल्या, साहेबही हसला. पण काकींच्या शेजारी उभी असलेली एक विधवा हसली नव्हती. काकींनी तिचा हात धरून वर केला आणि विचारलं, "आणि हिच्या घरी कोण कमावतो?" साहेब टेबलावरची यादी सारखी करू लागला. सगळ्यांनाच काढायचं, एवढं मात्र नक्की होतं.

त्यानंतरही काकी भोंगा झाला की डबा घेऊन निघतच. काका विचारत, "खंय चललंस?"

"कामाक."

"काम खंय आसा?"

"तांच बघूक जातंय!"

आणि त्या खरंच बघत फिरत. काळाचौकी, शिवडी, वडाळ्याचं रेल्वे यार्ड. खाणावळ घाल, असं चाळीने सुचवलं. खूप बायका तेच करत होत्या. काकींना ते मानवेना. "घरात भाकऱ्या, बाहेर पण भाकऱ्या? मग बाहेर कशाला जायचं?" संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतत. घरातलं काहीतरी हळूहळू सरकत होतं. काका मुळातच अबोल. पण आता ते कामावरून येऊन नुसते बसू लागले. स्टोव्हला हात लावीनासे झाले. एका रविवारी मी गेले, तर काका एकटेच पाटावर आणि काकी वाढायला उभ्या. मी काकींकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली आणि म्हणाल्या, "माझी भूक मेलीये गो." त्या दिवसांत नळावर स्वप्न आलं नाही. आला तो नुसता हंडा.

ते दिवस मोर्च्यांचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, याखेरीज परळ-लालबागात दुसरा विषय नव्हता. काकी प्रत्येक मोर्च्याला जात. गल्लीतल्या कार्यकर्त्याला त्यांनी एकदा विचारलं, "आमच्या खात्याचं कधी बघणार?" तो म्हणाला, "काकी, आधी मुंबई मिळू दे, मग बघू." काकी म्हणाल्या, "आधी स्वराज्य मिळू दे म्हणालास, तेव्हापण मी रांगेतच होते रे." त्याने हात जोडले. एका दुपारी मोर्चा त्यांच्याच गिरणीवरून चालला होता. मी त्यांच्या बरोबर होते, काका पुढे पुरुषांत. घोषणा देणाऱ्याचा घसा बसला म्हणून तो पाणी प्यायला थांबला. तेवढ्या फटीत काकींनी गिरणीच्या फाटकाकडे हात करून खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, "वाइंडिंग खातं सुरू—"

"झालाच पाहिजे!" अख्खा रस्ता गर्जला. सवयीने. व्याकरण चुकलं होतं, पण व्याकरणाची कुणाला शुद्ध होती? काकींनी पुन्हा आरोळी दिली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आपण काय ओरडतोय हे पुढच्या रांगांच्या ध्यानात आलं आणि आवाज पातळ झाला. पुरुष एकमेकांकडे बघून हसू लागले. त्या हसण्यात एकट्याचाच आवाज मागाहून, उशिरा आणि अगदी नीट आला. "झालंच पाहिजे." काका होते. मान खाली घालून ओरडले होते. घरी परतताना दोघं बरोबर चालत होती. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी आमच्या खोलीत तिरफळांचा वास आला.

खातं सुरू झालं नाही. वडाळ्याला, यार्डाच्या पलीकडे एका शेडमध्ये दवाखान्याच्या पट्ट्या गुंडाळायचं काम काकींना मिळालं. पगार निम्मा आणि कायम होण्याचं नाव नाही. त्या विधवा बाईलाही बरोबर घेऊन गेल्या. पाट पुन्हा समोरासमोर आले, पण काकी पूर्वीसारख्या ऐटीत बसत नसत. कधीही उठावं लागेल अशा बसत. आणि त्यांनी माझा पिच्छा पुरवला. मी मॅट्रिक झालेली आहे हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला टेलिफोन खात्याच्या परीक्षेला बसवलं. माझ्या नवऱ्याने कुरकूर केली, तर त्याला म्हणाल्या, "तू आमटी करायला शीक मेल्या, काका शिकवतील." तो शिकला. अजून मीठ जास्त घालतो.

महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, दिवे लागले. पुढे काका निवृत्त झाले आणि दोघं मालवणकडे गावी गेली. मी एकदा टेलिफोन खात्यातून रजा काढून भेटायला गेले. काकी फार थकल्या होत्या. दुपारी ओसरीवर चटई टाकून पडल्या होत्या, माडांची सावली अंगावरून हलत होती. मुलांची चौकशी नाही, चाळीची नाही. म्हणाल्या, "तुझ्या कामाचं सांग."

"त्यात काय सांगायचं, काकी? रोजचंच."

"तांच सांग. सावकाश सांग."

मी सांगू लागले. लांबलचक खोली, वर फिरणारे पंखे, ओळीने बसलेल्या आम्ही पोरी, कानाला यंत्रं. कोण कुठून बोलतंय ते दिसत नाही, नुसता आवाज येतो. एक आवाज घ्यायचा आणि दुसऱ्या आवाजाला जोडून द्यायचा. मधल्या सुट्टीत सगळ्या मिळून चहा पितो, हसतो. काकींनी डोळे मिटले होते. मी मधेच थांबले, की त्यांची बोटं चटईवर किंचित हलत, म्हणून मी पुन्हा बोलू लागे. मग ती हलायची थांबली, श्वास संथ झाला. झोप लागली होती. तरी मी बोलत राहिले, हळू आवाजात, अगदी पाळी संपून आम्ही पायऱ्या उतरतो तिथपर्यंत.