चौथ्या पानाचं शेपूट

गल्लीत त्याला सगळे चौपानी म्हणत. आमदारबाईंचं चार पानी मासिक पत्रक तो काढायचा, म्हणून. हे नाव आपल्याला आवडत नाही असं तो चारचौघांत सांगे. पण "अहो चौपानी" अशी हाक आली की मान गर्रकन वळायची. एखाद्या दिवशी हाक आली नाही तर माणूस उगाच दोन वेळा वाण्याकडे जाऊन यायचा.

बावीस वर्षं त्यानं हेच केलं. आधी बाईंच्या सासऱ्यांसाठी, मग बाईंसाठी. सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांचं संपर्क कार्यालय. बाहेर अर्ज घेऊन बसलेली माणसं, आत बाई, आणि मधल्या दाराच्या आडोशाला चौपानीचं टेबल. दार उघडलं की त्याच्या खुर्चीला दणका बसायचा. खुर्ची वीतभर सरकवावी असं बावीस वर्षांत कुणाला सुचलं नाही, त्यालाही नाही. दणका बसला की तो आपला म्हणायचा, "या, या."

पत्रकाची घडी ठरलेली. पहिल्या पानावर बाईंचं मनोगत. तेही चौपानीचंच, बाई फक्त सही करत. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मतदारसंघातले कार्यक्रम, स्पर्धा, शिबिरं. चौथ्या पानावर 'सभागृहातून', म्हणजे या महिन्यात कोणता कायदा झाला आणि त्यानं तुमचं-आमचं काय होणार. प्रत्येक मजकुराची सुरुवात 'कळविण्यास आनंद होतो की'. एकदा तीन दिवस पाणी येणार नाही हेही त्यानं आनंदानंच कळवलं होतं. गल्ली रिकाम्या बादल्या वाजवत हसली होती.

चेष्टा बाजूला ठेवली तर माणूस कामाचा पक्का. चाळीस पानांचा कायदा अकरा ओळींत बसवायचा, तोही भाजीवालीला कळेल असा. फक्त एक खोड. ऐनवेळी एखादा फोटो आला की जागा करायला तो चौथ्या पानावरचा मजकूर खालून कापायचा. वरून कापलं तर अर्थ जातो, खालून कापलं तर कुणाला पत्ता लागत नाही, असं त्याचं शास्त्र. कार्यालयात याला 'शेपूट छाटणं' म्हणत. आता कायद्याची जात विंचवाची. तोंडाकडे सगळा गोडवा आणि मुदत, अट, दंड सगळं शेपटात. हे चौपानीला ठाऊक नव्हतं असं नाही.

त्याची थोरली बहीण, अक्का, जुन्या बाजारात गाळा चालवायची. कपडे लहानमोठे करून द्यायचे, हा तिचा धंदा. चेन बसव, कंबर सैल कर, पँट आखूड कर. नवरा गेल्यावर याच गाळ्यावर तिनं दोन मुली शिकवल्या, आणि त्यांच्या आधी या भावाला. पँटचं कापड मात्र तिनं जन्मात कधी कापलं नाही. आत दुमडायचं आणि टीप घालायची. "आज आखूड हवी, उद्या लांब लागली तर? कापलेलं परत येतं का कधी?" गिऱ्हाइकाला हे वाक्य फुकट मिळायचं.

पत्रकाचे सगळे अंक तिच्या मशीनच्या खणात रचून ठेवलेले. शेजारच्या गाळ्यातला किल्लीवाला चिडवायचा, "अक्का, भावाचं पत्रक वाचून पोट भरतं का हो?"

"पोटाचं माहीत नाही, पण तेवढा वेळ तुझी बडबड ऐकू येत नाही."

तर त्या महिन्यात बाजारांचा कायदा झाला. जुने बाजार पाडून नवे बांधायचे. चौपानीनं तो नेटका अकरा ओळींत बसवला. शेवटच्या दोन ओळी अशा: यादीतल्या बाजारांतल्या गाळेधारकांनी तीस दिवसांत ताब्याचा पुरावा लेखी द्यावा, न दिल्यास गाळ्यावरचा हक्क संपेल. यादीत जुना बाजार चौथा होता. त्यानं ते वाचलं, बोटानं दोनदा खूण केली आणि अंक छपाईला सोडणार तोच खुर्चीला दणका बसला.

"या, या," तो म्हणाला.

बाईंच्या हातात आरोग्य शिबिराचा फोटो होता. "अहो, यात माझ्यामागचे डॉक्टर अर्धेच दिसतायत. वाईट वाटेल त्यांना. जरा मोठा घ्या."

"मॅडम, मग कायद्याच्या दोन ओळी जातील."

"चौथं पान वाचतं कोण हो?"

चित्रकला स्पर्धेतल्या मुलांची नावं काढता आली असती. पण नावं एकतीस, आणि प्रत्येक नावामागे आई-बाप असे दोन मतदार. त्यानं शेपूट छाटलं. मनात म्हणाला, अक्काला तोंडीच सांगू.

रविवारी तो गाळ्यावर गेला, तेव्हा अक्का चष्मा नाकावर घेऊन चौथं पानच वाचत होती. गळ्यात टेप, दातांत टाचणी. पलीकडून किल्लीवाला आणि घड्याळवाला माना काढून बसलेले.

"बाजार नवा होणार म्हणतोस," अक्का म्हणाली. "आपल्याला यात काही करायचंय का रे?"

चौपानीनं तोंड उघडलं. पण या दोघांसमोर बोललं की पहिला प्रश्न येणार, मग छापलं का नाही? आणि तो प्रश्न संध्याकाळच्या आत बाईंच्या कानावर जाणार. आपलाच माणूस बाजारात हरकती उठवतोय, असं कुणीतरी त्याला फोडणीही देणार. तो म्हणाला, "काही नाही. सगळं आहे त्यात."

"ऐकलंत?" अक्का त्या दोघांना म्हणाली. "यानं लिहिलंय म्हणजे निर्धास्त राहा."

ते निर्धास्त राहिले. पुन्हा एकटीला गाठून सांगायचं त्याच्या मनात होतं, अगदी होतं. एकदा दाढी करताना आठवलं, एकदा सासुरवाडीला जेवताना. दोन्ही वेळा 'उद्या' म्हणाला. मग नवा अंक अंगावर आला.

चाळीस गाळ्यांपैकी सात जणांनी पुरावा दिला होता. ज्यांचा कुणी ना कुणी वकिलाकडे कामाला होता तेवढ्यांनी. बाकीच्यांच्या दारांवर नोटिसा चिकटल्या. अक्कानं आपली नोटीस नखानं हळूच सोडवली, खणातला तो अंक काढला आणि तडक कार्यालय गाठलं. दार उघडलं. खुर्चीला दणका बसला. या वेळी "या, या" काही निघालं नाही.

आवाज ऐकून बाई उठून टेबलाशी आल्या. त्यांनी अक्काचे दोन्ही हात हातांत घेतले. "अक्का, आम्ही तर कळवलं होतं. काय हो, पत्रकात आलं होतं ना?"

बाई आणि बहीण, दोघी त्याच्याकडे बघत होत्या. बाहेरच्या खोलीतली अर्जवाली माणसंही. चौपानी उठला. कपाटातून फाईल काढली आणि छाटण्याआधीचा कच्चा कागद टेबलावर ठेवला. पूर्ण अकरा ओळी. तोंडानं एक शब्द खोटा बोलला नाही. हे तो पुढे बायकोला तीनदा सांगत होता.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "वाचायचं राहिलं असेल. होतं असं." आणि त्यांचा फोन वाजला म्हणून त्या आत गेल्या.

अक्कानं आपला अंक त्या कागदाशेजारी पसरला. तळहातानं घडी मोडली. "माझ्या अंकात इथं डॉक्टर आहेत," ती म्हणाली.

तो कच्चा कागद परत फाईलमध्ये घालू लागला.

"त्या रविवारी तुला ठाऊक होतं?"

"अक्का, जागा नव्हती गं."

"तोंडातसुद्धा?"

तिनं अंकाची पुन्हा होती तशी घडी केली आणि जिना उतरली. दोन आठवड्यांत मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं. गाळ्याबरोबर रस्त्यावरचं गिऱ्हाईकही गेलं. आता ओळखीतलं कुणी आलं तर काम. पत्रक टाकणारा आला की ती खिडकीतूनच नको म्हणून हात हलवायची. किल्लीवाला पुलाखाली बसतो. तो चौपानीला हाक मारत नाही.

नव्या बाजाराची कोनशिला बसवायचा दिवस ठरला. बाई म्हणाल्या, या वेळी तुम्हीही फोटोत या. चौपानीनं नवी पँट घेतली. लांब होती, चार बोटं. आता गल्लीत दुसरा शिंपी नाही असं नाही. पण त्याला वाटलं, एवढं निमित्त बरं आहे, काम दिलं की बोलणं सुरू होईल. पँट त्यानं भाचीच्या हाती दिली. "आईला सांग, नेहमीसारखी."

समारंभाच्या सकाळी भाची पँट घेऊन आली. इस्त्री कडक, टीप सुईच्या टोकासारखी सरळ. त्यानं घाईघाईनं पायात घातली. घोट्याच्या वर चार बोटं. त्यानं खाली बसून पायाची कड उलटून बघितली. आत दुमडलेलं कापड नव्हतं.

"अगं, सोडून दे म्हणावं थोडी!"

"मामा, सोडायला काही ठेवलंच नाही," भाची दारातूनच म्हणाली. "आई म्हणाली, फोटोत पाय कोण बघतं?"

दुसरी धड पँट धोब्याकडे होती. तो तसाच गेला, डॉक्टरांच्या बाजूला उभा राहिला. पुढच्या अंकात तो फोटो पहिल्या पानावर आला. त्यानं स्वतःच तो खालून कापला होता, गुडघ्यापाशी.